पारध्याची विद्या आणि सरकारचा समज

अहमदनगर जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, दक्षिण टोकाला सीना आणि भीमा या दोन नद्यांच्या दरम्यान पसरलेला कर्जत तालुका हा पर्जन्यछायेचा मुलूख आहे. सह्याद्रीवर रिते झालेले ढग इकडे येतात ते बहुधा सावली देण्यापुरतेच; त्यामुळे या भूमीच्या नशिबी घनदाट अरण्य कधी आले नाही. कुसळीचे गवत, मधूनच एखादा हिवर किंवा बोर, तरवडाची पिवळी झुडपे आणि मुरमाड उतारांमागून मुरमाड उतार असे तिचे रूप. महसुली दप्तराने अशा जमिनीला पडीक म्हटले, आणि जिच्यावर सारा बसत नाही ती निरुपयोगी असा व्यवहारी जगाचाही ग्रह झाला. परंतु या पडीकावर काळवीट, चिंकारा, लांडगा, खोकड, माळढोक आणि तित्तर यांचा फार जुना संसार चालत आलेला आहे. त्या संसाराच्या कडेला पाल ठोकून राहणारी, दोऱ्याचे फास आणि अंगी मुरलेले निरीक्षण एवढ्याच भांडवलावर उपजीविका करणारी फासेपारध्यांची जमातही इथलीच. कर्जत, श्रीगोंदे, जामखेड या तालुक्यांतून तिच्या वस्त्या आजही आहेत.

प्राण्याचे वर्तन त्याच्या मेंदूतून आणि मज्जातंतूंतून कसे घडते, हा प्रश्न विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत गेल्या शे-दीडशे वर्षांत विचारला गेला असे आपण समजतो. तो शास्त्रीय परिभाषेत त्या काळी विचारला गेला हे खरे. पण ज्याचे रात्रीचे जेवण त्याच्या उत्तरावर अवलंबून होते, अशा माणसाने तो फार पूर्वी विचारला होता आणि पुष्कळ अंशी सोडवलाही होता. या लेखाचा विषय त्या जुन्या विद्येचा इतिहास हा आहे. त्याच्याच जोडीने दुसरीही एक हकीकत सांगावी लागेल. ज्या माणसाला हरणाच्या स्वभावाचे इतके अचूक ज्ञान होते, त्या माणसाच्या स्वभावाविषयी राज्यकर्त्यांनी केवढा चुकीचा सिद्धांत बांधला आणि त्याचे कायद्यात रूपांतर केले, ती ही हकीकत होय.

मृगयेची विद्या दख्खनला नवी नव्हे. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ हा राजाच्या ज्ञानाचा आणि विनोदाचा कोश रचला, तेव्हा त्यात मृगयेला स्वतंत्र स्थान दिले. हरणे पकडण्याच्या नाना रीती त्यात वर्णिल्या आहेत आणि शिकवलेल्या चित्त्याकरवी केलेल्या शिकारीचाही त्यात उल्लेख आहे. पुढे मोगल अमदानीत अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त बादशाही शिकारखान्याचे सविस्तर वर्णन केले. दरबारी ग्रंथकारांनी हे सर्व राजांच्या नावे लिहिले असले तरी प्रत्यक्ष माळावर जाऊन हरणाची वाट ओळखणारा, फास मांडणारा आणि चित्त्याला माणसाळवणारा माणूस वेगळाच होता, आणि त्याचे नाव ग्रंथात येण्याचा प्रघात नव्हता. त्याची ओळख उरली ती जमातीच्या नावांतून. फासे लावणारे फासेपारधी, गाईच्या आडोशाने शिकार करणारे गायपारधी, चित्ता बाळगणारे चित्तापारधी अशा शाखा त्यांच्या साधनांवरून पडल्या. विशेष हे, की आजही महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या सरकारी यादीत चित्तापारधी हे नाव छापले जाते. ज्या जनावरावरून ते पडले ते या देशातून नाहीसे होऊन पाऊण शतक होत आले आहे.

या धंद्याच्या युक्त्या वरवर पाहता साध्या वाटतात, पण प्रत्येकीच्या मुळाशी मज्जासंस्थेचा एकेक नियम आहे. पहिली युक्ती गाईची. माणूस उघड्या माळावरून सरळ चालत आला तर काळवीट त्याला दुरूनच पाहतो, मान ताठ करतो आणि ठरावीक अंतर उरले की पळ काढतो. हाच माणूस एखाद्या सवयीच्या गाईच्या आडून, तिच्या चरण्याच्या गतीने, मधूनमधून थांबत आणि तिरका तिरका पुढे सरकू लागला, तर तोच कळप त्याला जवळ येऊ देतो. खुल्या मैदानात चरणाऱ्या खुरी जनावरांच्या डोळ्यांची रचना क्षितिजाची रेषा टिपण्यासाठी झालेली असते. त्यांची बाहुली आडवी असते, आणि दृष्टिपटलावरच्या संवेदक पेशींची दाटीही आडव्या पट्ट्यात असते. क्षितिजावर उभी राहिलेली दोन पायांची आकृती आणि डोळ्यांसमोर झपाट्याने मोठी होत जाणारी छाया या दोन गोष्टी त्या डोळ्यांना तात्काळ खुपतात. चार पायांची, मंदगती, रोजच्या ओळखीची आकृती खुपत नाही. स्विस प्राणिशास्त्रज्ञ हायनी हेडिगर याने १९४२ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या ठरावीक अंतराला पलायन-अंतर अशी संज्ञा दिली आणि जातीपरत्वे, ऋतुपरत्वे व अनुभवपरत्वे ते कसे कमीजास्त होते ते दाखवले. पारधी हे अंतर पावलांनी मोजत आला होता. पाडस बरोबर असलेली मादी किती दूरवरून उठते, एकटा नर किती जवळ येऊ देतो, काल ज्या माळावर फास लागले तिथला कळप आज किती बिचकतो, हे ज्याला ठाऊक नाही त्याची चूल त्या दिवशी पेटत नसे.

जनावर सवयीच्या गोष्टीला भीत नाही, या नियमाचाही उलगडा मज्जापेशींच्या पातळीवर पुढे झाला. एरिक कँडेल या शास्त्रज्ञाने अ‍ॅप्लिसिया नावाच्या समुद्रगोगलगाईवर प्रयोग करून असे दाखवले, की एकच निरुपद्रवी स्पर्श वारंवार केला असता ती आपली कल्ला आखडून घेण्याची क्रिया हळूहळू सोडून देते, कारण संवेदक पेशीकडून चालक पेशीकडे पोचणारा रासायनिक संदेश क्षीण होत जातो. या संशोधनाबद्दल त्याला २००० साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. माळावरचे काळवीट बैलगाडीच्या खडखडाटाला बुजत नाही याचेही कारण याच जातीचे आहे, आणि चित्त्याकरवी शिकार करणारे लोक चित्त्याला बैलगाडीवर बसवून कळपाजवळ का नेत, हेही त्यावरून समजते.

दुसरी युक्ती वैराची. पाळलेला नर तित्तर पिंजऱ्यात घालून पहाटे माळावर ठेवायचा आणि भोवताली बारीक फासांची मांडणी करायची. पिंजऱ्यातला तित्तर ओरडू लागला, की त्या हद्दीचा मालक असलेला रानतित्तर परक्याचे आव्हान ऐकून तावातावाने धावून येतो आणि पायाने फासात अडकतो. काळविटाच्या बाबतीत हीच रीत मोठ्या प्रमाणावर योजलेली ‘ऐन-ए-अकबरी’त आढळते. पाळीव नराच्या शिंगांना जाळे किंवा फास बांधून त्याला रानकळपाकडे सोडायचे, तिथला धिप्पाड नर त्याच्याशी शिंगे भिडवतो आणि त्या गुंत्यात पकडला जातो. इथे पारध्याने हेरलेली गोष्ट अशी, की माजावर आलेला नर समोर काय उभे आहे याचा विचार करीत नाही. आपल्या हद्दीत परका नर या एवढ्याच खुणेने त्याच्या अंगातला सबंध संग्राम जागा होतो. काळवीट आपली हद्द लेंड्यांच्या ढिगांनी आणि डोळ्यांखालच्या ग्रंथींच्या स्रावाने आखतो, आणि विणीच्या हंगामात त्या हद्दीसाठी खाणेपिणेही विसरतो.

इंग्लंडमध्ये डेव्हिड लॅक या पक्षिशास्त्रज्ञाने रॉबिन पक्ष्याच्या हद्दीत लाल पिसांचा नुसता झुपका टांगून ठेवला, तेव्हा त्या झुपक्यावरही नर तुटून पडला. पेंढा भरलेला पण छाती लाल नसलेला पक्षी मात्र त्याच्या रागाला फारसा पात्र ठरला नाही. निको टिंबर्जेन याने काटेमाशाच्या नरावर केलेल्या प्रयोगांत हेच आढळले; आकार माशाचा नसला तरी चालेल, खालची बाजू लाल असली की पुरे. कोनराड लॉरेन्झ, टिंबर्जेन आणि कार्ल फॉन फ्रिश या तिघांना १९७३ साली नोबेल पारितोषिक देऊन जगाने प्राणिवर्तनाच्या या शास्त्राला मान्यता दिली. मेंदूत विशिष्ट खूण ओळखणारी यंत्रणा असते आणि ती खूण पटताच ठरावीक कृतींची मालिका सुरू होते, हा त्या शास्त्राचा एक पायाभूत सिद्धांत. तित्तराचा पिंजरा खांद्यावर टाकून निघणाऱ्या पारध्याच्या सगळ्या व्यवहाराचा आधार हाच होता, फक्त त्याने तो कधी लिहून ठेवला नाही.

तिसरी गोष्ट भयाची. काळविटाची मादी आपले नवजात पाडस गवतात लपवून स्वतः दूर चरते, आणि संकट जवळ आले तरी पाडस पळत नाही. जमिनीला चिकटून निश्चल पडून राहते. हरणवर्गातील पाडसांच्या अभ्यासात असे दिसले आहे, की या वेळी त्यांच्या हृदयाचे ठोके एकाएकी मंदावतात. तेच पाडस काही आठवड्यांचे झाले, की भयाचा मार्ग बदलतो आणि थिजण्याऐवजी ते उसळून धावू लागते. एकाच भयाच्या पोटी ही दोन परस्परविरुद्ध वर्तने निपजतात. मेंदूतल्या अमिग्डाला नावाच्या बदामाच्या आकाराच्या पेशीपुंजीपासून मेंदूच्या खोडापर्यंत जाणाऱ्या वाटांवर त्यांचा निवाडा होतो. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, भय आणि क्रोध यांच्या वेळी अनुकंपी मज्जासंस्था अधिवृक्क ग्रंथींना कशी चेतवते आणि सबंध शरीर लढण्यास किंवा पळण्यास कसे सज्ज होते, याचे विवरण केले. परंतु ही सज्जता अमर्याद चालू राहिली तर ती मारकही ठरते. पकडलेले हरीण अंगावर जखम नसताना काही तासांत किंवा काही दिवसांत मरते, हा अनुभव जुना आहे. अतिश्रमाने आणि भयाने स्नायू विघटित होऊन रक्त आम्लमय होते, हे त्याचे कारण आजचे पशुवैद्य सांगतात, आणि म्हणूनच हरीण धरताच त्याचे डोळे झाकतात. जनावर जिवंत राखून विकायचे असेल तर त्याच्या डोळ्यांवर आधी फडके टाकावे, ही खबरदारी पकडण्याचा धंदा करणाऱ्यांच्या परंपरेतली आहे.

या सर्व विद्येचे शिखर म्हणजे चित्त्याचे शिक्षण. चित्ता पकडून आणला, की त्याच्या डोळ्यांवर टोपी घालायची, त्याला झोपू द्यायचे नाही, माणसांच्या वर्दळीत, गोंगाटात आणि अखंड बोलण्यात ठेवायचे, आणि अन्न एकाच माणसाच्या हातून द्यायचे. काही महिन्यांत तो खाटेवर बांधून ठेवण्याइतका शांत होत असे. जागरणाने थकलेल्या मेंदूचा प्रतिकार खचतो आणि वारंवार घडणाऱ्या निरुपद्रवी गोष्टीचे भय उरत नाही, या दोन तत्त्वांचा हा कठोर पण परिणामकारक प्रयोग होता. यातली आणखी एक बाब विशेष विचार करण्याजोगी आहे. चित्तेवान लोक बछडे धरून वाढवीत नसत; मोठे, रानात आईच्या मागे हिंडून शिकार शिकलेले चित्तेच त्यांना हवे असत. धावण्याची ओढ बछड्याच्या मज्जातंतूंत उपजत असते, पण कळपातून एक हरीण निवडणे, त्याला वळवणे आणि नेमक्या क्षणी पाय अडकवून पाडणे हे शिक्षण आईवाचून मिळत नाही, हे त्यांनी ओळखले होते. उपजत आणि अर्जित यांचा जो वाद पश्चिमेकडे पुढे कित्येक दशके चालला, त्याचा व्यावहारिक निकाल चित्तेवानांनी केव्हाच लावून ठेवला होता.

दुर्दैवाने याच वर्तनाने चित्त्याचा घात केला. बंदिवासात चित्त्याला पिल्ले होत नसत. जहांगीर बादशहाने आपल्या आत्मवृत्तात अशा एका जन्माची नोंद आश्चर्य म्हणून केली आहे. पैदास होत नाही आणि मोठेच जनावर हवे, मग प्रत्येक दरबाराची मागणी रानातूनच भागवावी लागे. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या दरबारी चित्त्याकरवी शिकार करण्याची परंपरा विसाव्या शतकातही चालू राहिली, ती आफ्रिकेहून आणलेल्या चित्त्यांच्या बळावर. १९४७ साली कोरिया संस्थानात तीन चित्ते मारले गेले. देशात त्यानंतर चित्त्याची खात्रीलायक नोंद राहिली नाही आणि १९५२ साली तो नामशेष झाल्याचे जाहीर झाले. नामिबियाहून चित्ते आणून ते कुनोच्या रानात सोडले गेले ते २०२२ साली, म्हणजे सत्तर वर्षांनी. काळविटाची ताशी ऐंशी किलोमीटरच्या घरातली धाव मात्र कर्जतच्या माळावर अद्याप शाबूत आहे. आज त्याच्यामागे लागणारा लांडगा एवढा वेगवान नाही. ज्या शत्रूपायी हे पाय आणि हा बुजरा मेंदू घडला, असे जाणकार मानतात, तो गेला आणि त्याचे भय तेवढे मागे राहिले.

इथवर प्राण्याच्या स्वभावाची कथा झाली. आता माणसाच्या स्वभावाविषयीच्या सरकारी समजाकडे वळू.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्झ योझेफ गाल याच्या शिकवणीतून कवटीच्या उंचवट्यांवरून माणसाचे गुणावगुण वाचण्याची विद्या युरोपात बोकाळली. मेंदूचे वेगवेगळे भाग वेगवेगळी कामे करतात ही त्या विद्येतली कल्पना पुढे काही अंशी खरी ठरली. पण हाडाच्या उंचवट्यावरून खुनी ओळखता येतो हा दावा निव्वळ भ्रम होता. मध्य हिंदुस्थानात फासावर दिलेल्या सात ठगांची शिरे १८३३ च्या सुमारास एडिंबरोच्या मस्तकसामुद्रिक मंडळाकडे तपासणीसाठी धाडण्यात आली. तिथल्या पंडितांना अपेक्षित असलेला विध्वंसवृत्तीचा ठळक उंचवटा त्या कवट्यांवर सापडला नाही, आणि मग शिकवण, सहवास व धर्मसमजुती यांच्या आधारे त्यांना आपले शास्त्र सावरून घ्यावे लागले. त्यांनी त्याच वेळी थोडा विचार केला असता, तर पुढच्या शतकातला केवढा तरी अन्याय टळला असता. परंतु १८७६ साली इटलीत चेझारे लोंब्रोसो याने जन्मजात गुन्हेगाराचा सिद्धांत मांडून तीच कल्पना नव्या वेषात आणली, आणि हिंदुस्थान सरकार तर त्याच्याही आधी त्या वाटेला लागले होते.

१८७१ सालचा सत्ताविसावा कायदा हा गुन्हेगार जमातींचा कायदा. या देशात सुताराचा मुलगा सुतार आणि विणकराचा मुलगा विणकर होतो, तद्वत चोराचा मुलगा चोरच होणार, असे त्यामागचे अनुमान होते. एखादी जमात एकदा गुन्हेगार म्हणून जाहीर झाली, की त्या जाहीरनाम्याची योग्यायोग्यता कोणत्याही न्यायालयात विचारता येत नसे. हा कायदा आधी उत्तरेकडे लागू झाला, आणि १९११ च्या तिसऱ्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासही लागू करण्याची मुभा सरकारला मिळाली. फासेपारध्यांचे नाव त्या नोंदवहीत चढले. बोटांचे ठसे, ठरलेल्या वेळी हजेरी, गाव सोडण्यासाठी दाखला, दाखल्याशिवाय सापडल्यास शिक्षा असा बंदोबस्त त्यांच्यामागे लागला. ज्या जमातीचा चरितार्थच भटकण्यावर, तिला भटकणे हाच अपराध ठरला. इलाख्यात विजापूर, हुबळी, सोलापूर इत्यादी ठिकाणी ओ. एच. बी. स्टार्ट या सनदी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली वसाहती उभारण्यात आल्या; सोलापूरच्या वसाहतीतील माणसांना गिरण्यांत कामाला लावले जाई आणि तारेच्या कुंपणाआड त्यांची हजेरी घेतली जाई. मुलांना आईबापांपासून वेगळे काढून निराळ्या शाळांत ठेवण्याचा अधिकारही कायद्याने सरकारला दिला होता.

या शेवटच्या तरतुदीतच सरकारच्या सिद्धांताची विसंगती उघडी पडते. गुन्हेगारी रक्तातच असेल तर मुलाला वेगळे काढून काय साधणार? आणि वेगळे काढल्याने तो सुधारत असेल, तर दोष रक्तात होता हे कशावरून? या प्रश्नाचे उत्तर त्या काळच्या दप्तरात शोधून सापडणार नाही. शास्त्राने मात्र ते पुढे दिले. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे मार्क रोझेनझ्वाइग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात उंदरांवर प्रयोग केले. एकाच वंशाच्या पिल्लांपैकी काहींना रिकाम्या पिंजऱ्यात एकेकटे ठेवले आणि काहींना खेळायची साधने व सोबती असलेल्या मोठ्या पिंजऱ्यात ठेवले, तेव्हा दुसऱ्या गटातील उंदरांच्या मेंदूचे बाह्यक वजनाने आणि जाडीने अधिक भरले. मेंदू वर्तन घडवतो हे निम्मे सत्य असून, भोवतालची परिस्थिती मेंदूला घडवते हे उरलेले निम्मे आहे. काळविटासारख्या जनावरातही सवय आणि अनुभव यांनी भयाचे अंतर बदलते. मग ज्याचे बालपण लांब, ज्याची भाषा समृद्ध आणि ज्याचे शिक्षण आयुष्यभर चालते, त्या मनुष्यप्राण्याचे चारित्र्य जन्माच्या दाखल्यावर लिहिलेले असते असे मानणे हा विवेकाचा अपमान होय. शिवाय हजेरीच्या घंटेला उठणारे, कोणत्याही चोरीत पहिला संशय आपल्यावर येणार हे जाणणारे, पोलिसांची चाहूल लागताच पालातून रानाकडे धावणारे लेकरू लहानपणापासून अखंड भयात वाढते. त्याचे धावणे पाहून तो अपराधी आहे असा निष्कर्ष काढणाऱ्या फौजदाराला भयाचे शरीरशास्त्र ठाऊक नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.

मुंबई प्रांताने हा कायदा १९४९ साली रद्द केला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो सबंध देशातून गेला. ज्यांची त्यातून सुटका झाली त्यांना विमुक्त ही संज्ञा मिळाली. परंतु या सुटकेला जेमतेम वीस-तेवीस वर्षे होतात न होतात तोच १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. काळवीट संरक्षित प्राण्यांच्या पहिल्या अनुसूचीत गेला आणि फास लावणे हाच गुन्हा ठरला. माळरान नांगराखाली गेले होते, बंदुका आणि जीपगाड्या यांनी कळप संपवत आणले होते, त्यामुळे हा कायदा आवश्यक होता यात संशय नाही. तथापि ज्या जमातीचे नाव कालपर्यंत जन्माने गुन्हेगार म्हणून नोंदलेले होते, तिचा पिढीजात धंदाही आज गुन्हा ठरला, आणि त्या धंद्याच्या जागी दुसरे काय द्यायचे याचा विचार कायदा करणाऱ्यांनी केला नाही, हेही तितकेच खरे.

त्याच सुमारास कर्जतच्या माळाकडे शासनाचे लक्ष वळले. १९७९ साली सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांतील सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर प्रदेश माळढोक पक्ष्याचे अभयारण्य म्हणून घोषित झाला, आणि कर्जत तालुक्याचा भाग त्यात आला. १९८० साली तालुक्यातच रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य स्थापन झाले. त्याचे क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर. एवढ्याशा कुरणात काळविटांचे कळप वाढले आणि सुस्थिर झाले ही वनखात्याची निःसंशय कमाई आहे. माळढोकाच्या नशिबी मात्र ते यश आले नाही. आफ्रिकेतील माळढोकवर्गीय पक्ष्यांच्या दृष्टिक्षेत्राचा अभ्यास झाला, तेव्हा असे आढळले, की उडताना खालची जमीन न्याहाळण्यासाठी त्यांनी मान खाली वळवली की समोरची दिशा त्यांच्या दृष्टीआड होते; वाटेतली विजेची तार त्यांना दिसत नाही. लक्षावधी वर्षे मोकळ्या आकाशात ज्या डोळ्यांना अडथळा म्हणून कधी भेटला नाही, त्या डोळ्यांपुढे आपण तारा ओढल्या. जनावराच्या मज्जासंस्थेचा विचार न करता केलेले नियोजन त्या जनावराला कसे मारते, याचे याहून स्पष्ट उदाहरण देता येणार नाही.

या साऱ्या इतिहासाचा निष्कर्ष दुहेरी आहे. पारध्याने हरणाला जाणले ते दीर्घ आणि प्रत्यक्ष निरीक्षणाने. सरकारने पारध्याला जाणले ते दुरून, दप्तरातून आणि आधीच ठरवलेल्या सिद्धांतातून. पहिले ज्ञान फासात उतरले तेव्हा त्याची परीक्षा रोज होत होती, चूक झाली तर पोटाला चिमटा बसत होता. दुसऱ्या ज्ञानाची परीक्षा कधी झालीच नाही, कारण त्याच्या चुकीची किंमत ज्ञान सांगणाऱ्याला मोजावी लागत नव्हती. कोणत्याही जमातीच्या मेंदूविषयी, रक्ताविषयी किंवा वंशाविषयी आजही कोणी सिद्धांत मांडू लागला, तर त्याला पहिला प्रश्न हाच विचारावा, की तुझ्या चुकीची किंमत कोण मोजणार आहे.

अकोला-वाशीमकडे तणमोराच्या रक्षणासाठी फासेपारध्यांच्या ज्ञानाचा उपयोग करून घेण्याचे काम झाले आहे; पावसाळ्यात नर तणमोर कोणत्या कुरणात उड्या मारतो आणि मादी कुठे अंडी घालते, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? तेच कर्जतला होण्यास कोणती अडचण आहे हे समजत नाही. रेहेकुरीच्या वनरक्षकांत, मार्गदर्शकांत आणि गणना करणाऱ्यांत इथल्या पारधी वस्त्यांतील तरुण-तरुणींना रीतसर पगारावर जागा द्याव्यात, वृद्धांजवळ उरलेली ही विद्या त्यांच्या हयातीतच त्यांच्याच बोलीत लिहून घ्यावी, आणि त्या नोंदी करणाऱ्यांत त्यांची शाळेत गेलेली मुले असावीत. हे उपकार म्हणून करायचे नसून जुन्या देण्याची फेड म्हणून करायचे आहे, एवढे तालुक्याच्या सुजाण नागरिकांनी आणि वनखात्याने ध्यानात घ्यावे.